'अँटीचेंबर' : एका चमत्कारिक खेळाचा परिचय

कोडें घालणें आणि कोडें सोडविणें ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. आजीच्या तोंडचे उखाणे घ्या, भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत 'लीलावती' ग्रंथांत घातलेलीं गणितें घ्या, किंवा वर्तमानपत्रांतील शब्दकोडीं घ्या. ह्या सर्वांतील आनंदाची जात एकच. प्रथम मन अडतें, मग तें झगडतें, आणि अखेरीस एकाएकीं उजेड पडतो. संगणक घरोघर आल्यापासून ह्या हौसेस एक नवें अंगण मिळालें आहे. 'व्हिडिओ गेम' हे शब्द कानीं पडतांच पुष्कळ पालकांच्या डोळ्यांपुढें बंदुका, मोटारींच्या शर्यती आणि रात्रीचीं जागरणें उभीं राहतात. आणि त्यांची ही धास्ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु सर्वच खेळ एका माळेचे मणी नव्हेत. ज्या खेळाचा परिचय आम्ही येथें करून देणार आहों, त्यांत कोणी कोणास मारीत नाहीं, कोणी मरत नाहीं, आणि कोणी जिंकून दुसऱ्यास हरवीतही नाहीं. त्यांत केवळ चालावयाचें, पाहावयाचें आणि विचार करावयाचा. असें असूनही जगांतील हजारों खेळाडूंस त्यानें चकित केलें आहे. तें कां, आणि त्यांतून आम्हां विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं काय घ्यावें, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

'अँटीचेंबर' हा खेळ ३१ जानेवारी २०१३ रोजीं प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता अलेक्झांडर ब्रूस हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ. मोठमोठ्या कंपन्यांच्या खेळांमागें शेंकडों कारागीर आणि अमाप भांडवल असतें. ह्याच्या उलट, एकट्यादुकट्यानें किंवा मूठभर मंडळींनीं आपल्याच मतानें रचलेल्या खेळांस 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, खेळ असें म्हणतात. हा त्यांपैकींच एक होय. खेळाची कल्पना आणि रचना ब्रूसची. ध्वनियोजना रॉबिन आर्नट ह्यानें केली, आणि संगीत सिद्धार्थ बार्नहूर्न ह्या डच संगीतकारानें दिलें. खेळाच्या नांवांत एक गमतीचा श्लेष आहे. मुख्य दालनाच्या आधींची जी बाहेरची खोली, तिला इंग्रजींत जवळजवळ ह्याच उच्चाराचा एक शब्द आहे. त्या शब्दांतील एकच अक्षर बदललें कीं 'अँटी', म्हणजे 'विरुद्ध', हें उपपद तयार होतें. तेव्हां 'बाहेरची खोली' आणि 'खोलीच्या नेहमींच्या रीतीविरुद्ध वागणारी खोली' असे दोन्ही अर्थ ह्या एका नांवांतून निघतात. आणि खेळ पाहिल्यावर दुसरा अर्थ किती यथार्थ आहे हें कळून येतें.

ह्या खेळांत खेळाडूस स्वतःचें शरीर दिसत नाहीं. पडदा हाच त्याचा डोळा. संगणकाच्या कळा दाबून तो चालतो, आणि हातांतील माऊस फिरवून मान वळवितो. आरंभ होतो तो एका काळोख्या चौकोनी खोलींत. तिच्या एका भिंतीवर खेळ चालविण्याच्या कळांची माहिती असते आणि एक घड्याळ असतें. तें नव्वद मिनिटांपासून उलटें मोजीत जातें. दुसऱ्या भिंतीवर नकाशा असतो. तो प्रारंभीं जवळजवळ रिकामाच असतो, आणि आपण जों जों नवीं दालनें पाहूं तों तों भरत जातो. एक भिंत वाटेंत सांपडणाऱ्या चित्रफलकांसाठीं राखलेली असते. उरलेल्या बाजूस कांच, आणि कांचेपलीकडे बाहेर जाण्याचें दार. म्हणजे शेवट कोठें आहे हें पहिल्याच क्षणीं दाखवून ठेविलें आहे. तेथें पोंचावें कसें एवढाच प्रश्न! घड्याळ पाहून कोणाचीही छाती धडधडूं लागेल. परंतु तीं नव्वद मिनिटें संपलीं तरी खेळ संपत नाहीं, आणि कोणी शिक्षाही करीत नाहीं. घड्याळ दिसलें कीं घाई करावयाची, ही संवय खेळाडूनें आपल्याबरोबर बाहेरून आणलेली असते. खेळानें ती त्याजकडून कधींच मागितलेली नसते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण सर्व खेळाचें बीज हिच्यांत आहे.

नकाशावरून निघालें म्हणजे अगदीं प्रारंभींच एक दरी लागते. तिच्यावर अधांतरीं अक्षरें झळकत असतात. उडी मार, असें तीं सांगतात. आज्ञाधारक खेळाडू धांवत येऊन उडी घेतो, आणि पलीकडचा कांठ न गांठतां खालीं पडतो. पण खालीं मृत्यु नाहीं. तेथें एक नवी वाट आहे. पुढें केव्हां तरी तो फिरून त्याच दरीच्या कांठीं येतो, आणि ह्या वेळीं उडी न मारतां भीत भीत नुसतें पाऊल पुढें टाकून पाहतो. तों काय आश्चर्य! पावलागणिक पायांखालीं जमीन तयार होत जाते, आणि तो सुखरूप पलीकडे पोंचतो. दरी दिसली कीं उडी, हें समीकरण आमच्या मनांत इतकें पक्कें असतें कीं दुसरें कांहीं करून पाहावें हें सुचतच नाहीं. आणि त्यांत भर म्हणून भिंतीवरील अक्षरेंही तेंच सांगत असतात. छापलेलें तें खरें, असें मानणाऱ्यांस ही पहिली चपराक आहे.

खालच्या वाटेनें गेलें असतां दोन जिने समोर येतात. एक तांबडा, एक निळा. एक वर जाणारा, दुसरा खालीं उतरणारा. खेळाडू विचार करून एकाची निवड करतो, चढतो किंवा उतरतो, आणि थोडें चालल्यावर पुन्हां त्याच दोन जिन्यांपुढें येऊन उभा राहतो. मग दुसऱ्या जिन्यानें जाऊन पाहतो, तरी तेंच. कित्येक जण दहा दहा वेळां ह्या फेऱ्या घालतात. दोन वाटांपैकीं बरोबर कोणती, ह्याच विचारांत ते गढलेले असतात. वस्तुतः दोन्ही निरर्थक आहेत. जो मागें वळून आल्या वाटेनें परत निघतो, त्यास आल्या वेळीं जी नव्हतीच अशी वाट दिसूं लागते. प्रश्नपत्रिकेंत दोन पर्याय दिले म्हणजे त्यांपैकीं एक खरा असलाच पाहिजे, अशी आमची समजूत असते. पर्यायांच्या बाहेरही कांहीं असूं शकतें, हें हे दोन जिने न बोलतां सांगतात.

ह्या घरांतील चमत्कार ह्याहूनही पुष्कळ आहेत. कोठें खेळाडू एका चौकटींतून पलीकडचें दालन न्याहाळतो, आणि मागें सरून पाहतो तों आपण त्याच दालनांत उभे! कोठें चौथऱ्यांवर पारदर्शक पेट्या मांडलेल्या असतात. पेटी एकच, परंतु प्रत्येक बाजूनें पाहिलें असतां तिच्यांत निराळीच आकृति दिसते. कोठें पाठ फिरविली कीं मागील भिंत नाहींशी होते, तर कोठें रोखून पाहत राहिल्याखेरीज कांहींच घडत नाहीं. भिंती बहुतेक पांढऱ्याशुभ्र, कडा तेवढ्या काळ्या रेघांनीं आंखलेल्या, आणि त्या शुभ्रतेंत मधूनच एखादा भडक रंग. सभोंवार पाण्याचे, वाऱ्याचे, पांखरांचे असे निसर्गांतील ध्वनि आणि त्यांत मिसळलेलें संथ संगीत. सारा देखावा स्वप्नांतल्यासारखा असतो. आणि स्वप्नांतल्याप्रमाणेंच तेथें विसंगति दिसली तरी भय वाटत नाहीं.

पुढें पुढें खेळाडूच्या हातीं एक साधन येतें. त्याचा आकार बंदुकीसारखा असला तरी त्यानें कोणास इजा करावयाची नसते. लहान लहान चौकोनी ठोकळे उचलावयाचे आणि हवे तेथें नेऊन ठेवावयाचे, एवढेंच त्याचें काम. कोठें प्रकाशाची एक तिरीप दार धरून ठेवीत असते. ती ठोकळ्यानें अडविली तर दार उघडतें किंवा मिटतें. पहिलें साधन निळें. पुढें हिरवें, पिवळें व तांबडें अशीं अधिकाधिक समर्थ साधनें मिळत जातात. त्यांनीं ठोकळे वाढवितां येतात, सरकवितां येतात. ह्यांतही मौज अशी कीं जें दार अशक्य म्हणून आपण सोडून आलों, तें पुष्कळदां नव्या साधनानें सहज उघडतें. आणि कधीं कधीं तर असें लक्षांत येतें कीं जुन्या साधनानेंही तें उघडलें असतें, आपणांसच त्याचा पुरता उपयोग ठाऊक नव्हता.

आतां ह्या चमत्कारांमागें गणित कोणतें आहे तें पाहूं. शाळेंत आपण जी भूमिति शिकतों, तिची मांडणी ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिड ह्या ग्रीक पंडितानें केली. तिच्या नियमांप्रमाणें आपण सारखें अंतर चालून काटकोनांत डावीकडे वळलों, आणि असें चार वेळां केलें, तर मूळ जागीं परत आलेंच पाहिजे. 'अँटीचेंबर'मध्यें चार वळणें घेऊनही खेळाडू भलत्याच ठिकाणीं निघतो. ह्यावरून पुष्कळ जण ह्यास 'युक्लिडेतर भूमितीचा खेळ' म्हणतात. वाचकांपैकीं कांहींनीं वरच्या वर्गांत हे शब्द ऐकले असतील. रशियांतील लोबाचेव्हस्की ह्यानें १८२९ मध्यें आणि हंगेरींतील बोल्याई ह्यानें १८३२ मध्यें युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीताखेरीजही सुसंगत भूमिति रचतां येते असें दाखविलें, आणि १८५४ मध्यें जर्मनींत रीमान ह्यानें तो विचार फार पुढें नेला. त्याचें एक सोपें उदाहरण पृथ्वीच्या गोलावरच पाहतां येतें. उत्तर ध्रुवावरून एक रेखावृत्त धरून विषुववृत्तापर्यंत खालीं या. तेथें काटकोनांत वळून विषुववृत्तावरून पृथ्वीचा चौथा हिस्सा चाला. पुन्हां काटकोनांत वळून ध्रुवाकडे जा. हा त्रिकोणच झाला. पण त्याचे तिन्ही कोन काटकोन! त्यांची बेरीज १८० अंश नव्हे, तर २७० अंश भरते.

तथापि काटेकोर बोलावयाचें तर ह्या खेळाची भूमिति लोबाचेव्हस्कीची नव्हे आणि गोलावरचीही नव्हे. खेळांतील कोणतीही एक खोली आंतून मोजली तर ती साधीसुधी, युक्लिडचीच आढळेल. विपरीत आहे ती खोल्या एकमेकींस जोडण्याची रीति. संगणकाच्या हिशेबीं खेळाडू म्हणजे कांहीं आंकडे: तो पूर्व-पश्चिम किती अंतरावर आहे, उत्तर-दक्षिण किती अंतरावर, किती उंचीवर, आणि त्याचें तोंड कोणीकडे. आपल्या घरांतील खोल्या भिंतीस भिंत लागून असतात. संगणकाच्या स्मृतींत तसें असण्याचें कारण नाहीं. समजा, हुबेहूब सारख्या अशा दोन बोळकांडी परस्परांपासून दूर बांधल्या. खेळाडू पहिल्या बोळांत विवक्षित ठिकाणीं आला कीं संगणक त्याचे आंकडे बदलून त्यास दुसऱ्या बोळांत त्याच जागीं ठेवतो. दोन्ही बोळ सारखेच असल्यामुळें डोळ्यांस कांहींच कळत नाहीं; खेळाडूस वाटतें, आपण सरळ चाललों आहों. पेटीच्या निरनिराळ्या बाजूंस निरनिराळीं चित्रें दाखविणें, किंवा चौकटीच्या आंत दूरच्या दालनाचा देखावा रंगविणें, हेंही असेंच. शिवाय खेळाडू कोणीकडे पाहत आहे हें संगणकास प्रत्येक क्षणीं ठाऊक असतें. म्हणूनच त्याची पाठ वळतांच मागील भिंत काढून घेतां येते. जादूगाराची हातचलाखी ती हीच. मात्र ती इतक्या सफाईनें आणि इतक्या सातत्यानें करणें हें सोपें काम नव्हे. ब्रूसनें त्यासाठीं एपिक ह्या अमेरिकन कंपनीच्या 'अन्‌रियल एंजिन' नांवाच्या तयार यंत्रणेचा उपयोग केला, आणि तिला स्वतःच्या कल्पनेप्रमाणें वांकविलें.

अशा अशक्य वास्तु कागदावर पूर्वीं कोणी काढल्याच नव्हत्या असें नाहीं. हॉलंडमधील चित्रकार एशर (१८९८–१९७२) ह्याचीं चित्रें ह्या बाबतींत प्रसिद्ध आहेत. १९५३ च्या त्याच्या एका चित्रांत एकाच घरांत तीन निरनिराळ्या दिशांस 'खालीं' मानून माणसें जिने चढत-उतरत आहेत. १९५८ मध्यें लायोनेल पेनरोज व त्याचा पुत्र रॉजर ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं, सतत चढत राहूनही मूळ पायरीवर येणाऱ्या जिन्याची आकृति एका मानसशास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली; तिच्यावरून एशरनें १९६० मध्यें आपलें दुसरें एक विख्यात चित्र काढलें. ह्याच रॉजर पेनरोज ह्यास पुढें २०२० मध्यें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु चित्र आणि खेळ ह्यांत एक मोठा भेद आहे. चित्र आपण बाहेरून पाहतों; हा जिना कसा खोटा आहे हें बोट ठेवून दाखवितां येतें. खेळांत आपण त्या जिन्यावर उभे असतों. बाहेरून पाहण्याची सोयच नसल्यानें, एक एक पाऊल टाकूनच तेथील नियम काय आहे हें शोधून काढावें लागतें.

ह्या शोधांत खेळाडूस सोबत असते ती वर सांगितलेल्या चित्रफलकांची. वाटेंत जागोजागीं काळ्या-पांढऱ्या रेखाचित्रांचे फलक लागतात, आणि त्यांवर एक एक लहानसें बोधवचन असतें. अपयश आलें तरी पाऊल पुढें पडूं शकतें. घाईनें हुकलेलें धीरानें मिळतें. अशा तऱ्हेचा त्यांचा आशय असतो. असलीं वचनें आम्हांस नवीं नाहींत. कित्त्यांतून तीं आम्हीं गिरविलीं आहेत आणि वर्गाच्या भिंतींवर तीं टांगलेलीं पाहिलीं आहेत. पण येथें एक बारीक फरक आहे, आणि आमच्या मतें तोच ह्या खेळाचा प्राण आहे. हें वचन बहुधा कृतीच्या आधीं येत नाहीं, नंतर येतें. खेळाडू दरींत पडतो, आणि मग पडण्याविषयींचा फलक दिसतो. दोन जिन्यांवर फेऱ्या घालून दमतो, आणि मग निवडीविषयींचा फलक वाचतो. शाळेंत बहुतकरून नियम आधीं आणि उदाहरण मागाहून; येथें ठेंच आधीं आणि नियम मागाहून. ज्याचा अंगठा नुकताच ठेंचाळला आहे, त्यास 'खालीं पाहून चालावें' ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

कर्त्यानें स्वतः हाच धडा गिरविला होता असें त्याच्या श्रमांच्या हकीकतीवरून दिसतें. ह्या खेळाचें मूळ नांव निराळें होतें; 'हॅझर्ड : द जर्नी ऑफ लाइफ', म्हणजे जीवनाचा प्रवास, अशा अर्थाचें. २००९ सालीं टोकियो येथील खेळांच्या प्रदर्शनांत नवलाईच्या प्रयोगांसाठीं राखलेल्या कार्यक्रमांत तो दाखविण्यांत आला. त्यापुढें ब्रूस ठिकठिकाणच्या प्रदर्शनांत आपला अपुरा खेळ मांडून बसे; अनोळखी माणसें तो खेळतांना कोठें अडतात, कोठें कंटाळून उठून जातात, हें पाही, आणि परत येऊन त्याप्रमाणें दालनें पाडून पुन्हां बांधी. दरम्यान नांवही बदललें. २०१२ मध्यें स्वतंत्र खेळांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत तांत्रिक कौशल्याचें पारितोषिक 'अँटीचेंबर'ला मिळालें. त्यानंतर जवळजवळ वर्षभरानें तो विक्रीस आला. २०१४ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें खेळ रचणाऱ्यांच्या परिषदेंत ब्रूसनें आपली ही कथा सांगितली. रातोरात मिळालेलें यश आणि त्यामागील सात वर्षें, असें त्या व्याख्यानाच्या मथळ्यांतच त्यानें थट्टेनें म्हटलें होतें. ज्यांस दुसऱ्याचें यश नेहमीं एका रात्रींत आल्यासारखें दिसतें, त्यांनीं ह्या सात वर्षांकडे अवश्य पाहावें.

आतां ह्या खेळाचें स्वागत कसें झालें तें सांगूं. परीक्षकांचे अभिप्राय एकूण फार अनुकूल पडले. अशा अभिप्रायांची सरासरी काढणाऱ्या 'मेटाक्रिटिक' ह्या ठिकाणीं त्यास १०० पैकीं ८० च्या वर गुण मिळाले. २००७ मध्यें निघालेल्या 'पोर्टल' ह्या नामांकित कोड्यांच्या खेळाशीं त्याची तुलना झाली. प्रत्येक दालनांत नवी कल्पना, दंडाचा अभाव, चित्र-ध्वनींचा संयम, आणि एका माणसानें एवढें उभारावें ह्याचें कौतुक, ह्या गोष्टींची स्तुति झाली. २०१४ मध्यें तो अन्य प्रकारच्या संगणकांसाठींही निघाला.

परंतु दोष दाखविणारेही निघाले, आणि त्यांचें म्हणणें उडवून लावण्याजोगें नाहीं. एक आक्षेप असा कीं उत्तरार्धांत ठोकळ्यांचींच कोडीं फार होतात. पूर्वार्धांतील वाटांची जादू मागें पडते, आणि खेळ इतर कोड्यांच्या खेळांसारखा वाटूं लागतो. दुसरा आक्षेप असा कीं आपण अडलों आहों तें बुद्धि अपुरी म्हणून, कीं लागणारें साधन अजून हातीं आलेलें नाहीं म्हणून, हें पुष्कळदां कळत नाहीं. त्यामुळें वृथा खेपा पडतात. तिसरा आक्षेप बोधवचनांवर होता: तीं शिळीं आहेत, बाजारांतील शुभेच्छापत्रांवर शोभण्यासारखीं आहेत, असें कांहीं टीकाकारांनीं म्हटलें. पहिले दोन आक्षेप आम्हांस रास्त वाटतात. तिसरा अर्धाच खरा आहे. तीं वचनें कागदावर उतरवून एकामागून एक वाचलीं तर शिळींच लागतील. पण शिळेपणा वचनांत असतो तसा वाचण्याच्या वेळेंतही असतो. भूक नसतां पंचपक्वान्नेंही नकोशीं होतात, आणि दिवसभर चालून आलेल्यास शिळी भाकरही गोड लागते. दरींत पडून वर आलेल्या खेळाडूस तेंच वाक्य वेगळें लागतें. फलक आणि अनुभव ह्यांची ताटातूट केली कीं खेळाचा अर्थ हरपतो.

ह्यावरून विद्यार्थिमित्रांस एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ह्या खेळांतील एकूण एक कोड्याचें उत्तर आज इंटरनेटवर तयार मिळतें; कोठें वळावें, कोठें थांबावें, सारें चित्रांसह दाखविलेलें असतें. तें पाहून दोन तासांत बाहेरचें दार गांठतां येईल. पण त्यानें मिळविलें काय? ह्या घरांत दाराच्या आंत खजिना ठेवलेला नाहीं. आपण दार उघडीत नव्हतों तें कोणत्या समजुतीमुळें, हें ज्या क्षणीं कळतें, तो क्षण हाच येथील खजिना. उत्तर उसनें घेतलें कीं दार उघडतें, आणि समजूत मात्र होती तेथेंच राहते. परीक्षेच्या आदल्या रात्रीं तयार उत्तरें पाठ करणाराचें ह्याहून वेगळें काय होतें? कागदावर उत्तर उतरतें. पुढल्या वर्षीं तोच प्रश्न थोडा कपडा बदलून आला कीं ओळखीचा वाटत नाहीं. म्हणून जो कोणी हा खेळ खेळेल त्यानें अडण्याची लाज धरूं नये. अडलों म्हणजे आपण नेमक्या त्या जागीं पोंचलों, जेथें कांहीं शिकण्यासारखें आहे. तेथें स्वतःला एकच प्रश्न विचारावा: येथें असेंच केलें पाहिजे हें मला कोणीं सांगितलें? पुष्कळदां उत्तर येईल कीं कोणींच नाहीं. तें आपणच धरून चाललों होतों.

पालकांसही दोन शब्द. हा खेळ खेळतांना तुमचा मुलगा किंवा मुलगी पडद्यापुढें हात न हलवितां पांच-दहा मिनिटें गप्प बसलेली आढळेल. समोर कोरी पांढरी भिंत, आणि मूल तिच्याकडे टक लावून पाहत आहे! हा आळस आहे असें समजूं नका. सबंध खेळांत खरें काम चाललेलें असतें तें ह्याच वेळीं. अशा वेळीं 'सुटत नसेल तर दे सोडून' असेंही म्हणूं नये, आणि उत्तर ठाऊक असल्यास तेंही सांगूं नये. शेजारीं बसून 'कोठें कोठें पाहून झालें?' एवढें विचारावें. एकानें माऊस धरावा, दुसऱ्यानें सुचवावें, अशा रीतीनें बापलेकांनीं किंवा बहीणभावांनीं मिळून खेळण्यासारखा हा खेळ आहे. वयानें वडील असणाराच आधीं सुचवील असा मात्र नेम नाहीं, उलट ज्याच्या समजुती कमी पक्क्या झाल्या आहेत तो धाकटाच पुष्कळदां बाजी मारतो. सावधगिरीही हवी. सतत हलणाऱ्या देखाव्यानें कित्येकांस घेरी आल्यासारखें होतें, आणि शुभ्र भिंती व भडक रंग ह्यांनीं डोळे शिणतात. तेव्हां एका बैठकीस तासाभराहून अधिक वेळ देऊं नये, आणि डोकें जड होतांच उठावें. कोडें मनांत घेऊन जेवावयास किंवा फिरावयास गेलेल्या माणसास त्याचें उत्तर वाटेंत सुचल्याचीं उदाहरणें सर्वांच्या अनुभवाचीं आहेत.

ह्या खेळाच्या गुणगानांत एक मर्यादा विसरतां कामा नये. हा खेळ खेळून कोणी गणितांत पहिला येईल असें आम्ही म्हणत नाहीं. आणि खऱ्या जगांत दरी ही दरीच असते. आगगाडीच्या फलाटावरून पाऊल पुढें टाकलें तर पायांखालीं जमीन तयार होत नाहीं. तेथें चुकीस शिक्षा आहे, आणि कधीं कधीं ती फार कठोर आहे. म्हणूनच जेथें चुकणें फुकट आहे अशी एखादी जागा मुलांस मिळावी, ह्याचें महत्त्व वाटतें. खेळाचें मैदान ही तशी जागा आहे. घरची कच्ची वही ही तशी जागा आहे. चांगल्या शिक्षकाचा वर्गही तशी जागा असूं शकतो. तेथें मूल एकदां चुकलें, दुसऱ्यांदां चुकलें, तर तिसऱ्यांदां तें पाऊल कसें टाकतें हें धीर धरून पाहावें. ज्या मुलास प्रत्येक उडीबरोबर रागें भरलें जातें, तें उडी टाकण्याचें सोडतें. आणि उडी चुकीची होती, नुसतें पाऊलच पुरें होतें, हें त्यास कधींच कळत नाहीं.

'अँटीचेंबर'मधील शेवटच्या दाराआड काय आहे, तें आम्ही येथें सांगत नाहीं. ज्यास जाणण्याची इच्छा असेल त्यानें त्या काळोख्या खोलींतून निघावें, घड्याळाकडे पाठ करावी, आणि पहिल्या दरीच्या कांठीं थोडा वेळ उभें राहावें.